खालचा घास

या रे मित्रांनो, बसा. लांब नको, जवळ सरका, माझा आवाज मोठा नाय. आज तुम्हाला एका जेवणाची गोष्ट सांगतो. जेवण मोठं होतं, पण त्या जेवणात पोट कुणाचंच भरलं नाय, हे आधीच सांगून ठेवतो. मागनं तक्रार नको.

मी एक जुना जर्मनचा डबा आहे. जर्मनचा म्हणजे त्या देशातनं आलो असं नाय. ॲल्युमिनियमला आमच्याकडं जर्मन म्हणतात. का म्हणतात ते मला विचारू नका, मी शाळेत गेलो तो पोरांच्या पिशवीत बसून, तेवढाच. अंगानं गोल, वर तारेची कडी, बुडाला तीन पोचे. झाकणाला एक खळगा आहे. मालकाच्या लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात बैलानं त्यावर पाय दिला, तेव्हाचा. त्या दिवसापासून माझं झाकण असं काही घट्ट बसतं की मुंगीसुद्धा आत शिरत नाय. उघडायचं तर त्या खळग्यावर अंगठा दाबायचा आणि दुसऱ्या बाजूनं उचलायचं. मग मी वाजतो. टप्प! अख्ख्या घराला कळतं, डबा उघडला. या आवाजाचा मला फार गर्व होता. होता म्हणतो, आता नाय. का ते पुढं येईल.

मला तलासरीच्या बाजारातनं देवजीनं घेतलं, लग्नाच्या साली. भांडीवाल्यानं ठोकून ठोकून अंगावर त्याचं नाव घातलं. देवजीचं घर उधव्याच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. खाली भाताचं शेत, वर उतारावर नागली. शेतातली कामं उरकली की तो घोलवडला चिकूच्या वाड्यांत कामाला जायचा. जीपच्या मागं तो लोंबकळायचा आणि त्याच्या हाताला मी. माझ्या पोटात नागलीची भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी. त्या चटणीचा वास माझ्या अंगातनं पुढं दहा वर्षं गेला नाय, आणि मला तो जायला नको होता.

देवजीची बायको बुधीबाई. तिचा एकच कायदा. गेलेला डबा रिकामा घरात यायचा नाय. म्हणायची, "बाहेर गेलेला खातो. घरी राहिलेल्याला तोंड नाय काय?" म्हणून देवजी येताना काही ना काही माझ्यात टाकायचाच. वाडीवाल्यानं दिलेले चिकू, बांधावरचे खेकडे, उन्हाळ्यात मोहाची फुलं, महालक्ष्मीच्या जत्रेतली जिलेबी. एकदा काहीच मिळालं नाय, तर वाटेवरच्या चिंचेचे दोन आकडे टाकले आणि बुधीबाईसमोर असा उभा राहिला जशी काय आंब्याची पेटी आणलीय.

"एवढंच?" बुधीबाई म्हणाली.

"तोंड आंबट करून दाखव. तुला शोभतं."

ती दोन दिवस बोलली नाय. आकडे मात्र दोन्ही खाल्ले.

पुढं त्यांचा मुलगा आणि सून वापीला कंपनीत लागले, तिकडंच राहिले. नातवंडं इकडं वाढली, तुषार आणि त्याची धाकटी बहीण दक्षा. तुषार पाचेक वर्षांचा असताना रोज संध्याकाळी बांधावर बसून आज्याची वाट बघायचा. देवजी दुपारी जेवताना भाकरीचा एक तुकडा माझ्या बुडाशी ठेवायचाच. भूक कितीही असो. त्याला तो खालचा घास म्हणायचा. तुषार पळत यायचा, मला हिसकावून घ्यायचा, इवलासा अंगठा खळग्यावर दाबायचा. दाबून दाबून लाल व्हायचा, पण आज्याला हात लावू द्यायचा नाय. टप्प! मग तो वाळका तुकडा असा चावायचा की मिठाईवाल्यानं लाजावं. घरात ताजी भाकर असायची हो. पण खालचा घास तो खालचा घास.

आता देवजीची खरी करामत सांगतो. तो भाजायचा. पौषात, भात घरात आलं की शेतात मडकं उपडं घालायचा. आत वालाची पापडी, कंद, पाल्यात गुंडाळलेली गावठी कोंबडी, आणि वरून विस्तव. चार गावांतनं त्याला बोलावणं यायचं. आणि भाजलेला तुकडा नुसता जिभेवर ठेवून तो सांगायचा, लाकूड कुठलं होतं. शेजारच्या सुक्याला ते पटायचं नाय. एकदा त्यानं खैराच्या विस्तवात गुपचूप बाभळीच्या दोन काटक्या घातल्या. देवजीनं तुकडा तोंडात घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "सुक्या, ह्यात बाभूळ घुसवलीस. आणि ती पण ओली." सुक्या तेव्हापासून त्याच्या पाया पडायचा, अर्धा चेष्टेनं आणि अर्धा खरोखर.

मग दिवस बदलले. पोरांना स्टीलचे डबे आले, मग प्लास्टिकचे. देवजी कमरेतनं बसला आणि खाटेला लागला. मला काकडीच्या बियाण्याचा डबा केलं आणि फळीवर ठेवलं. मी रडलो नाय. बी ठेवायला पण घट्ट झाकणाचाच लागतो.

गेल्या साली थंडीतली गोष्ट. देवजीनं खाणं सोडल्यासारखंच झालं होतं. दिवसाला चार चमचे पेज, ती पण बुधीबाईनं दम दिला तर. काय हवं विचारलं तर हात हलवायचा. महिनाभर त्या माणसानं काही मागितलं नव्हतं.

आणि तुषारला नोकरी लागली. डहाणूला एका ऑफिसात क्लार्क. पहिला पगार झाला तसं ऑफिसातली मंडळी मागं लागली, पार्टी दे. त्यांच्यात एक विपुल म्हणून होता, बोलका, सगळ्यांची खेचणारा. त्यानंच ठरवलं, हायवेवर बार्बेक्यूचं नवीन हॉटेल झालंय, तिथं जायचं. तुषार म्हणाला, मग आजी आणि दक्षा पण येतील. पोराच्या मनात खोट नव्हती, हे ध्यानात ठेवा. पहिल्या पगाराचं जेवण त्याला आजीला घालायचं होतं.

त्यानं हे खाटेपाशी बसून आज्याला सांगितलं.

"म्हणजे भाजतात काय?" देवजीनं विचारलं.

"हो आजा. टेबलाच्या मधोमध शेगडी असते. तिथल्या तिथं."

"लाकूड कुठलं?"

तुषार हसला. "ते मला काय माहीत?"

"मग एक तुकडा आण." देवजी म्हणाला. "मी सांगतो."

बुधीबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. महिन्याभरानं डोशानं, म्हणजे तिच्या म्हाताऱ्यानं, काही मागितलं होतं! तिनं लगेच मला फळीवरनं काढलं, बियाणं फडक्यात ओतलं आणि राखेनं असं घासलं, असं घासलं, की मला माझं लग्नाचं साल आठवलं.

रविवारी दुपारी आम्ही गेलो. मी बुधीबाईच्या कापडी पिशवीत, पिशवीचं तोंड उघडं, म्हणून सगळं दिसत होतं. हॉटेलच्या दारात तिनं चपला काढल्या, त्या दक्षानं परत घालायला लावल्या. आत काचा, गारठा, आणि गाणी इतकी मोठ्यानं की बाजूच्याला खाणाखुणा कराव्या लागाव्यात. टेबलावर एक छोटासा झेंडा होता.

"आजी, हा उभा आहे तोवर ते आणत राहणार," दक्षानं सांगितलं. "पोट भरलं की आडवा पाडायचा."

"झेंडा कोण पाडतं ग?" बुधीबाई घाबरलीच. "आपल्याकडं झेंड्यावरनं डोकी फुटतात."

तिनं तो नीट उभा केला आणि एक हात त्याच्यापाशीच ठेवला, वाऱ्यानं पडायला नको म्हणून.

आणि जेवण? काय सांगू. सळया येत होत्या, शेगडीवर ठेवल्या जात होत्या, पण भाजणं असं काही नव्हतंच. आधीच कधीतरी शिजवलेलं होतं, ते कोमट करत होते. कोंबडी चावली की दातांना परत ढकलत होती. मका गार. मासा होता, पण डहाणूची खाडी एवढी जवळ असून तो कुठनं लांबनं बर्फात आल्यासारखा लागत होता, हे मला बुधीबाईच्या तोंडाकडं बघून कळलं. सगळ्याला एकच लाल रंग. तुषार एकेकाचं तोंड बघत होता. "मस्त आहे ना? आहे ना मस्त?" लोक माना हलवत होते आणि फोटो काढत होते. फोटोत ते छान दिसत असणार.

बुधीबाईनं दोन तुकडे खाल्ले. झेंडा उभाच होता, म्हणून वाढणारा आणतच होता. तिनं ताटात निवडायला सुरुवात केली. ही तंगडी बरी आहे, ही डोशाला. हा तुकडा मऊ आहे, त्याला दात नाय, हा पण डोशाला. मग मांडीवर पिशवी घेतली, मला बाहेर काढलं आणि खळग्यावर अंगठा दाबला.

टप्प!

नेमकं तेव्हाच गाणं संपलं होतं. मित्रांनो, पन्नास वर्षं मी त्या आवाजाचा गर्व केला. त्या दिवशी वाटलं, झाकण वितळून जावं.

सगळ्यांनी बघितलं. बुधीबाईनं काही चोरून केलं नव्हतं, त्यामुळं ती शांतपणे तुकडे माझ्यात ठेवत राहिली. विपुल ओरडला, "अरे तुषार, आजीनं तर टिफिन सर्व्हिस चालू केली! माझा पण डबा लाव ना आजी, महिन्याचा!"

टेबल हसलं. शेजारचं टेबल पण हसलं. वाईट माणसं नव्हती ती. पण हसली.

वाढणारा वाकून हळूच म्हणाला, "आजी, पार्सल नाय चालत इथं. कितीही खा, पण बसून खा."

"हे माझ्याच ताटातलं हाय," बुधीबाई म्हणाली. "घरी माणूस पडून हाय. त्यानं मागितलंय."

"माझ्या हातात नाय हो आजी."

मग मॅनेजर आला. टाय लावलेला, तोंडभर हसू. "मॅडम, नियम आहे. सगळ्यांना सारखाच."

बुधीबाईनं त्याच्याकडं वर बघितलं. तिला खरंच समजत नव्हतं. जेवायला बोलावलं आणि घरच्याचा वाटा नेऊ दिला नाय, असं तिनं सत्तर वर्षांत कुठं बघितलं नव्हतं. ती म्हणाली, "मग मी अजून खात नाय. माझ्या पोटात जाणार होतं ते त्याला द्या."

मॅनेजर तिच्याशी पुढं बोललाच नाय. तुषारकडं वळला. "सर, प्लीज."

तुषारचे कान लाल झाले होते. ऑफिसातली पाचही माणसं त्याच्याकडं बघत होती. त्यानं हात पुढं केला आणि मला आजीच्या हातातनं घेतलं.

"दादा, नको," दक्षा म्हणाली.

त्यानं मला ताटावर उपडं केलं.

ज्या हातानं तो खालचा घास काढायचा, तोच हात. मी ओळखतो ना तो. अंगठ्याचं नखसुद्धा तसंच, आखूड. एक तुकडा बुडाशी चिकटून बसला, बहुतेक मीच धरून ठेवला असेल, तर त्यानं मला ताटाच्या काठावर आपटलं. तो पण पडला. मग झाकण लावून मला पिशवीत घातलं आणि म्हणाला, "आजी, लोक बघतात ग."

बुधीबाईनं एका बोटानं तो झेंडा आडवा केला.

निघताना गल्ल्याजवळ वाटीत रंगीत बडीशेप ठेवली होती. ती घ्यायला कुणी नको म्हणत नव्हतं. बुधीबाईनं एक चिमूट घेतली, पण तोंडात टाकली नाय, मुठीत ठेवली. बाहेर आल्यावर गाड्यांच्या आडोशाला तिनं मला उघडलं आणि ती चिमूट माझ्यात टाकली. डबा रिकामा जायचा नाय म्हणून. मी वाजलो, पण हायवेवरच्या ट्रकांत कुणाला ऐकू आलं नाय.

गाडीत तुषार पुढं बसला. घरापर्यंत त्यानं मान मागं वळवली नाय.

घरी देवजीजवळ सुक्या बसला होता. लांबनंच ओरडला, "आला रे आला, डबा आला!" आणि मी बघतो तर काय, देवजी भिंतीला टेकून बसलेला. पाठीशी गोधडीची गुंडाळी. सुक्याकडनं त्यानं हात धुऊन घेतले होते. ओले हात तसेच मांडीवर ठेवून तो वाट बघत होता.

मित्रांनो, मी बऱ्याच गोष्टी सहन केल्यात. बैलाचा पाय सहन केलाय. ते ओले हात मला सहन झाले नाय.

बुधीबाईनं मला त्याच्या मांडीवर ठेवलं. "पार्सल नाय देत म्हणे," एवढंच म्हणाली आणि पेज गरम करायला आत गेली. दक्षा तिच्यामागं. सुक्यानं देवजीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, टोपी घातली आणि उठला. तुषार घरात आलाच नाय. अंगणातल्या नळावर कितीतरी वेळ पाय धूत राहिला.

मग देवजी आणि मी, दोघंच राहिलो.

त्यानं खळग्यावर अंगठा ठेवला. अंगात जोर नव्हता. तीनदा सरकला. चौथ्यांदा मीच जरा सैल झालो असं समजा. टप्प. त्यानं मला नाकाशी नेलं. झाकणाच्या खाचेत थोडा लाल मसाला राहिला होता, तो बोटानं काढून जिभेला लावला. डोळे मिटले. मग हसायला लागला, खोकला येईपर्यंत.

"डब्या, लाकूडच नाय रे!" मला म्हणाला. तो माझ्याशी बोलायचा, वाडीतनं येताना वाटेत कुणी नसलं की. "गॅस हाय. बरं झालं नाय आणलंस."

मग त्याला तळाशी बडीशेप दिसली. लाल, पांढरी, हिरवी. नळाचा आवाज येत होता, तिकडं बघत राहिला.

"पोरानं ओतलं ना तुला?" त्यानं विचारलं. "दारात पाय वाजला नाय त्याचा. तेव्हाच कळलं मला." झाकण मांडीवर ठेवलं. "चार माणसांत लाजला. लाजणारच. नवीन नोकरी. मी असतो तिथं तर मीच म्हटलं असतं, ओत रे बाबा, आणि चल घरी." मग माझ्या बुडावर थोपटून म्हणाला, "मला कळलं असं त्याला सांगू नको हां. जिवाला लावून घेईल."

दोन दाणे त्यानं तोंडात टाकले. चघळले. बाकीचे बोटानं एका बाजूला सारले. "हा त्याचा. खालचा घास," म्हणाला आणि झाकण दाबून बसवलं. रोजच्यासारखं. जसा काय पोरगा आत्ता बांधावरनं पळत येणार.

तुषार आला नाय. रात्री न जेवताच झोपला, आणि सकाळी सगळे उठायच्या आत पहिल्या गाडीनं डहाणूला गेला. ऑफिसात काम आहे, आठवडाभर तिकडंच खोलीवर राहतो, असा निरोप पाठवला. काम नव्हतं. आज्याच्या तोंडासमोर उभं राहायची हिंमत नव्हती. देवजीनं मला उशाशी ठेवून घेतलं. बुधीबाई मला उचलायला आली की म्हणायचा, "राहू दे. रविवारी पोरगा येईल."

शुक्रवारी दुपारी देवजी गेला. पेज तशीच होती.

तुषार आला तेव्हा खाट अंगणात काढली होती. त्यानं मला उशाशी बघितलं आणि तिथंच खाली बसला. दिवस-पाणी झालं, आणि एके दिवशी दक्षाला म्हणाला, "तो डबा माझ्यासमोर नको. आजा वाट बघत उपाशी गेला." मग स्वतःच मला उचललं, न बघता, आणि माळ्यावर टोपल्यांच्या मागं सारलं. बुधीबाईला वाटतं बडीशेप डोशानं खाल्ली, डबा रिकामा आहे. तिनं पण पुन्हा हात लावला नाय.

तेव्हापासून मी माळ्यावरच. खालचं सगळं ऐकू येतं मला. तुषार आता भाजलेलं काही खात नाय. ऑफिसातनं येताना त्या हॉटेलापाशी मान दुसरीकडं वळवतो, असं दक्षा सांगत होती. यंदा पौषात कुणी शेतात मडकं घातलं नाय. सुक्या एकदा म्हणाला, "तुषार, तू घाल, मी लाकडं आणतो." तर पोरगा उठून आत गेला. त्याला वाटतं आजा रागावून गेला. आजा रागावला नव्हता, हे या घरात फक्त मला ठाऊक आहे, आणि घरच्यांना ऐकू जाईल असं मला तोंड नाय. झाकण आहे, पण ते आतनं उघडत नाय.

देवजीनं मला सांगितलं होतं, बोलू नको. इतकी वर्षं मी त्याचं सगळं ऐकलं. हे एक ऐकणार नाय.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला एकच काम सांगतो. तुम्ही कुठं जेवायला गेलात तर घरी राहिलेल्याची आठवण ठेवाल, ते मी सांगायला नको. माझं काम वेगळं आहे. कधी तलासरीला उतरलात तर उधव्याच्या पुढं या. देवजीचं घर विचारा, कोणीही दाखवील. तुषारला गाठा आणि म्हणावं, माळ्यावर टोपल्यांच्या मागं हात घाल. डबा खाली काढ. तो रिकामा नाय, त्यात तुझं काहीतरी ठेवलंय आज्यानं. झाकण घट्ट आहे, दाणे अजून तसेच असतील.

खळग्यावर अंगठा दाब म्हणावं, लहानपणी दाबायचास तसा. वाजेल तो. वाजू दे.